क्लच कुठं गेला?

क्लच गेला, असं आपण सहज म्हणून जातो. लाइट गेली, चप्पल गेली, क्लच गेला. पण गेला म्हणजे नेमका कुठं गेला, हेही विचारायचं असतं. मला ते कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं; तेही मामांनी विचारलं म्हणून.

मामा एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. बत्तीस वर्षं नोकरी, बहुतेक सगळी कराड डेपोत, आणि त्यातही चिपळूणच्या फेऱ्या इतक्या, की घाटातलं प्रत्येक वळण त्यांना भावकीतल्या माणसासारखं माहीत. माझी मामेबहीण चिपळूणला दिलेली. तिच्या मुलाचा पहिला वाढदिवस होता आणि "पप्पांना एसटीनं पाठवू नकोस, तूच घेऊन ये" असा तिचा मला हुकूम होता. ऑक्टोबरचा पहिला आठवडा. मी पुण्याहून आदल्या रात्री कराडला येऊन राहिलो आणि सकाळी साडेआठला आम्ही निघालो. मामांच्या मांडीवर शेंगदाण्याच्या लाडवांचा स्टीलचा डबा. तो मागच्या सीटवर ठेवा म्हटलं तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. घाट हाय."

गल्लीतून गाडी मागं घेताना रिव्हर्स गिअर कुरकुरला. गाडी पंधरा वर्षांची, डिझेल. तिला थोडं कुरकुरायचा हक्क आहे, असं मी समजत आलोय. मामांनी माझ्या पायाकडं एकदा पाहिलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

कराड ते चिपळूण अंतर शंभरेक किलोमीटर. गुहागर-विजापूर रस्त्याचा हा तुकडा. पाटणपर्यंत ऊस, मग हळूहळू भात, डाव्या-उजव्या हाताला अधूनमधून कोयना. पाटण सोडल्यावर रस्ता वळायला लागतो. एका डाव्या वळणावर डॅशबोर्डवरचा लाल दिवा लुकलुकला. तो वर्तुळात उद्गारचिन्ह असलेला. सरळ रस्ता आला की विझला. पुढच्या डाव्या वळणावर पुन्हा.

"हँडब्रेक वडलाय का रं?"

"नाही मामा. त्याचा स्विच लूज आहे. आठवडाभर असंच चाललंय."

"हं," मामा म्हणाले.

आमच्या घरात या "हं"चा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. तुझं चुकतंय, पण तू शिकलेला आहेस, तेव्हा चालू दे, असा तो अर्थ.

कोयनानगर जवळ आलं तसे मामा बोलायला लागले. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा ते सतरा वर्षांचे होते, पाटणला आजोळी. जमिनीखालून कुणीतरी जातं ओढत नेतंय असा आवाज आला म्हणतात, आणि मग भिंतच नव्हती. एवढंच सांगून ते थांबले. ही गोष्ट ते कधीच पुरी सांगत नाहीत. मीही विचारलं नाही. धरणाचं पाणी झाडांमधून दिसत राहिलं, पावसाळा संपताना असतं तसं काठोकाठ.

घाटमाथ्यावर येईपर्यंत गिअर जड झाले होते. दुसऱ्यावरून तिसरा टाकताना जोर लावावा लागत होता आणि मी मनातल्या मनात गिअरबॉक्सच्या ऑइलला दोष देत होतो. उतारावरची सोनकी आता सुकायला लागली होती, तरी पिवळेपणा शिल्लक होता. चहाची टपरी दिसली. तेवढ्यात समोर म्हशी आल्या. पाच-सहा होत्या, अगदी रस्त्याच्या मधोमध, घाई अजिबात नाही. मी डाव्या पायानं क्लच दाबला, उजव्यानं ब्रेक.

क्लचचं पेडल खाली गेलं, आणि जाताना काहीच लागलं नाही. अंधारात जिन्याची एक पायरी जास्त आहे असं समजून पाय टाकावा, तसं झालं. गाडीनं दोन आचके दिले आणि तिसऱ्या गिअरमध्येच बंद पडली. मी पाय उचलला. पेडल तिथंच, जमिनीला टेकलेलं. म्हशी शांतपणे पार झाल्या.

टपरीवरच्या दोघांनी आणि एका टेम्पोवाल्यानं गाडी ढकलून कडेला लावून दिली. मी बॉनेट उघडलं नाही, खाली वाकून पाहिलं नाही. सरळ निकाल दिला. "क्लच प्लेट गेली. आता गिअरबॉक्स उतरवावा लागणार." माझ्या या खात्रीला कारण होतं. सहा वर्षांपूर्वी कात्रजच्या चढावर, गर्दीत, हाफ क्लचवर गाडी धरून धरून मी एक प्लेट जाळली होती. अकरा हजारांना पडलं होतं ते. ज्याचा एकदा खिसा कापला गेलाय त्याला प्रत्येक माणूस खिसेकापू दिसतो, तसं माझं झालेलं. फोनला रेंजची एक काडी होती, तिच्या जोरावर मी कराडच्या एका टोइंगवाल्याला गाठलं. त्यानं साडेसहा हजार सांगितले आणि वर "तीन तास तरी धरा" म्हणाला.

मामा तोवर चहा घेत होते. बशीत ओतून, फुंकर मारून. मी फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "किलच धरत न्हाय का सोडत न्हाय?"

"म्हणजे?"

"आरं, दोनच रोग असत्यात त्याला. एक तर धरत न्हाय, न्हायतर सोडत न्हाय. तुझा कंचा?"

मी गप्प. बत्तीस वर्षं डेपोत हा प्रश्न रोज विचारला गेला असणार. मी मात्र पंचवीस वर्षं गाडी चालवून एकदाही तो स्वतःला विचारला नव्हता.

"यताना गाडीनं वडलं का नीट? का इंजिन नुसतंच वराडत हुतं?"

ओढलं होतं. कोयनेच्या वरचा चढ ती कुरकूर न करता चढली होती.

"वास आला का? जळका?"

नव्हता आला. कात्रजला आला होता, तो मी जन्मात विसरणार नाही. केस जळल्यासारखा आणि त्यात काहीतरी गोडसर.

"मग प्लेट कशी जाईल?" मामा म्हणाले, आणि उरलेला चहा संपवला.

इथं थोडं समजावून सांगायला हवं, कारण मलाही हे तेव्हाच पहिल्यांदा नीट समजलं. इंजिनाच्या फिरत्या चाकाला आणि गिअरबॉक्सला जोडणारी एक चकती असते, तीच क्लच प्लेट. तिला मागून प्रेशर प्लेट सतत दाबून धरते, स्प्रिंगच्या जोरावर. म्हणजे क्लचची मूळची अवस्था धरून बसण्याची आहे. आपण पाय दाबतो तो धरण्यासाठी नाही, सोडवण्यासाठी. प्लेट झिजली किंवा जळली की ती धरत नाही. इंजिन ओरडतं आणि गाडी जागेवर. आमच्या गाडीत प्लेट अगदी इमानानं धरून बसली होती. म्हणून तर तिसऱ्या गिअरमध्ये आचके देऊन इंजिन बंद पडलं. गेला होता तो सोडवणारा. आणि सोडवणाऱ्याचं काम माझ्या गाडीत तारेनं होत नाही, ऑइलनं होतं. पायाखाली एक छोटा पंप, त्याला मास्टर सिलेंडर म्हणतात. तिथून एक नळी गिअरबॉक्सपर्यंत. तिथं दुसरा सिलेंडर, तो फोर्कला ढकलतो, फोर्क बेअरिंगला, बेअरिंग स्प्रिंगला. या नळीतलं ऑइल गळलं, की पायाचा जोर कुठंच पोचत नाही. पेडल जमिनीला, आणि क्लच जिथल्या तिथं.

मामांनी चप्पल काढली, गाडीखाली डोकं घातलं आणि हात पुसत उठले. खाली रुपयाएवढा ओला डाग होता.

"एसीचं पाणी असेल," मी म्हटलं. सवयीनं.

"एसीचं पाणी तुझ्या गाडीचं किन्नर साइडला पडतंय. सकाळी बघितलं मी. ह्ये ड्रायव्हर साइडला हाय." त्यांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासून दाखवली. "आन् पाणी असं बुळबुळत न्हाय."

मग त्यांनी टपरीवरच्या तांब्यातलं थोडं पाणी बोटांवर घेतलं. चोळलं. बुळबुळीतपणा गेला. इंजिन ऑइल असतं तर पाण्यानं गेलं नसतं, साबण आणि राख लागली असती. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं. क्लचमध्ये तेच ऑइल असतं. एक तांब्या पाणी, दोन बोटं, आणि निदान झालं. माझ्या फोनमध्ये गाड्यांची तीन ॲपं आहेत.

"आता झाकण उघड," मामा म्हणाले. "पैल्यांदा ब्रेक बघू."

तोवर मला हे सुचलंच नव्हतं. माझ्या गाडीत क्लच आणि ब्रेक दोघांना ऑइलची बाटली एकच. पिवळट प्लॅस्टिकची, इंजिनाच्या मागच्या कोपऱ्यात. तिच्या कमरेच्या उंचीवर एक बारीक नळी जोडलेली. ती क्लचला जाते. ऑइल बरोबर त्या नळीच्या तोंडाशी येऊन थांबलं होतं. तिच्या खालचं शाबूत. ही नळी मुद्दाम वर लावलेली असते, क्लच गळला तरी ब्रेकच्या वाटणीचं ऑइल त्या वाटेनं जाऊ नये म्हणून. ज्या कुणी अभियंत्यानं ही बाटली आखली त्याला मी मनोमन हात जोडले. आणि लाल दिव्याचंही कोडं सुटलं. ऑइल कमी झालं होतं, वळणावर एका बाजूला कलंडायचं, आत तरंगणारा फ्लोट खाली बसायचा आणि दिवा लागायचा. आठवडाभर तो मला हेच सांगत होता. मामांनी दिव्याचा विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

ब्रेकचं पेडल दाबून पाहिलं. कडक होतं, अर्ध्यावर घट्ट थांबत होतं. दहा वेळा दाबलं, तरी तसंच. मामा म्हणाले, हे जरा जरी मऊ लागलं असतं तर इथंच मुक्काम केला असता.

टेम्पोवाला पोरगा मदतीला उत्साही होता. त्याच्याकडं इंजिन ऑइलचा कॅन होता. "वतू का बाटलीत? तेल ते तेल." मामांनी त्याचा हात धरला, खरोखरच धरला. ब्रेकच्या सिस्टीममधली रबरं वेगळ्या जातीची असतात, इंजिन ऑइल लागलं की फुगतात. क्लच गेलाच आहे, त्याच बाटलीतून ब्रेकही घालवायचा आणि मग कुंभार्ली उतरायचा! पोरगा हसला, मला मात्र घाम फुटला. मामा नसते तर मी "ओत" म्हणालो असतो, हे मी इथं लिहून ठेवतो.

टोइंगवाल्याला नको म्हणून कळवलं. खाली शिरगावला गॅरेज आहे, मामांना माहीत होतं. प्रश्न तिथवर जायचा. "क्लचशिवाय?" मी विचारलं. मामा म्हणाले, आम्ही शिकलो त्या गाड्यांना क्लच असून नसल्यासारखाच होता. त्या काळच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेश नव्हतं. एक गिअर बदलायला दोनदा क्लच मारायचा आणि मधे इंजिनाचा आवाज ऐकून वेग जुळवायचा. कान तयार झाला की क्लच नावापुरता उरायचा. मला वाटलं ते स्वतः बसतील. पण ते त्यांच्या बाजूला जाऊन बसले, लाडवांचा डबा मांडीवर घेतला आणि म्हणाले, "गाडी तुझी हाय. तूच चालीव. मी सांगतो."

हे करून बघा असं मी कुणालाही सांगणार नाही. शेजारी मामा हवेत, ब्रेक शाबूत हवेत आणि रस्ता मोकळा हवा. यातलं एकही नसेल तर टोइंगचे पैसे द्यावेत.

इंजिन बंद असताना पहिला गिअर टाकला. बंद गाडीत गिअर पडतो. हँडब्रेक सोडला, किल्ली फिरवली. गाडीनं बेडकासारखी उडी मारली, दुसरी मारली, आणि इंजिन धरलं. आम्ही चालायला लागलो. टपरीवर कुणीतरी शिट्टी वाजवली.

"आता दुसरा. ॲक्सिलेटर सोड. गिअर ढिला झाला बघ, काढ त्याला बाहेर. थांब. घाई न्हाय. आता दुसऱ्याच्या तोंडाला नुसता टेकव, दाबू नगं. जायाचा तवा जाईल."

मी दांडा टेकवला. एक क्षण बारीक कुरकूर हाताला जाणवली, मग इंजिनाचा आवाज खाली उतरत आला, उतरत आला, आणि एका ठिकाणी दांडा आपणहून आत सरकला. लोण्यात सुरी जावी तसा. मला इतका आनंद झाला की मी मामांकडं बघून हसलो. ते म्हणाले, "फुडं बघ."

घाट सगळा दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचा ठरलं. उताराला त्याहून चांगलं दुसरं काही नसतंच. इंजिन गाडीला मागं ओढून धरतं, ब्रेक तापत नाही. क्लच लागतो तो थांबायला आणि निघायला. म्हणजे थांबायचंच नाही. अडचण एवढीच, की घाटात चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची असते. नियम आहे तो, आणि शहाणपणही. भरलेला ट्रक चढावर थांबला की पुन्हा निघताना त्याचे हाल होतात. आणि खालून जांभ्या चिऱ्याचे ट्रक येत होते, एकामागून एक, ओझ्यानं कण्हत. दोन-तीन ठिकाणी मी वीस-पंचवीसच्या वेगानं कडेला चिकटून निसटलो. मामा दर वळणाच्या आधी पुढचं सांगायचे. आता उजवीकडं मोठं, मग लगेच डावं, मग जरा सरळ, तिथं रुंद आहे. रिटायर होऊन सोळा वर्षं झालीत. एकही वळण चुकलं नाही.

एका ठिकाणी मात्र पावसाळ्यात दरड आली होती आणि अर्धा रस्ता अजून मातीखाली होता. एकाच गाडीची वाट. आणि बरोबर त्या तोंडाशी खालून एसटी आली. लाल, जुनी, काचेतून चिपळूण-कराड पाटी दिसणारी. नियमानं मीच थांबायला हवं होतं. मी ब्रेकवर पाय ठेवला, घाबरत गिअर काढून न्यूट्रल केला. तेवढ्यात मामांनी खिडकीतून हात बाहेर काढला. तळवा खाली, दोनदा हळूच दाबल्यासारखा. मग बोटं जमिनीकडं. ही काही वाहतुकीच्या पुस्तकातली खूण नाही. पण तिकडचा ड्रायव्हर, तिशीतला पोरगा असेल, त्यानं ती वाचली आणि भर चढावर एसटी उभी केली. आम्ही न्यूट्रलमध्येच हळूहळू घसरत तिच्या अंगाला अंग लावून पार झालो. जाताना त्यानं खाली पाहून विचारलं, "पेडल बसलं काय, नाना?" मामांनी मान हलवली. एवढंच. ओळखीचा होता का, असं मी नंतर विचारलं तर म्हणाले, नाही.

न्यूट्रलमधून पुन्हा दुसरा घालताना मी ऐकलं, थांबलो, टेकवला. गेला. या वेळी मामा काही बोलले नाहीत, आणि ते मला शाबासकीसारखं वाटलं.

पोफळी आली. डोंगराच्या पोटात कोयनेचं वीजघर आहे ते इथं. देशावरचं पाणी बोगद्यातून डोंगराखाली येतं, पडतं, जनित्रं फिरवतं आणि वाशिष्ठीला मिळून चिपळूणवरून समुद्राकडं जातं. नद्या पूर्वेला वाहायच्या त्या देशात हे एक पाणी माणसानं पश्चिमेला वळवलेलं. लहानपणी सहलीला आलो होतो तेव्हा गाइडनं सांगितलेलं काहीच लक्षात राहिलं नव्हतं. या वेळी ते आठवायची वेळ अर्ध्या तासानं येणार होती.

शिरगावच्या गॅरेजसमोर मी ब्रेक दाबून, इंजिन गिअरमध्येच बंद पाडून थांबलो. दुसरा मार्ग नव्हता. मिस्त्री साठीकडं झुकलेले, पांढरी दाढी, सगळे त्यांना चाचा म्हणत होते. मी तोंड उघडायच्या आत मामांनी सांगून टाकलं. "सोडत न्हाय. डाग ड्रायव्हर साइडला हाय, गिअरबॉक्सखाली. पेडल भुईला." चाचांनी मामांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. पुढचे दोन तास ते मामांशीच बोलत होते.

आधी त्यांनी स्टिअरिंगखाली हात घालून मास्टर सिलेंडरच्या मागं, जिथं पेडलची दांडी आत जाते तिथं, बोट फिरवून पाहिलं. कोरडं. "वरचा बरा आहे. खालचा गेला." मग गाडीखाली. गिअरबॉक्सच्या अंगाला दोन बोल्टांनी बसवलेला तो खालचा सिलेंडर, त्याच्या तोंडावर रबराची टोपी. चाचांनी टोपी नखानं मागं सारली आणि आतून चमचाभर काळं पाणी त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. ब्रेक ऑइल नवं असताना मधासारखं असतं. हे उकळून उकळून उरलेल्या चहासारखं होतं.

"कोयनेचं पाणी बोगद्यातच गळालं तर खाली पोफळीत काय फिरणार?" खालूनच ते म्हणाले. "तसंच आहे हे. दाब पोचला पाहिजे."

बारा नंबरच्या पान्यानं दोन बोल्ट सुटले, नळी सुटली. सिलेंडर हातात आला, अंगठ्याहून जरा जाड. चाचांनी लॉक काढलं, आतला पिस्टन बाकावर ठोकून बाहेर काढला. त्यावर करंगळीच्या टोकाएवढी रबराची वाटी. तिची एक कड कुरतडल्यासारखी झालेली. उंदरानं पोळीची कड खावी तशी.

"रबराचं किट टाकलं तर दीडशेत काम होईल का?" मी विचारलं. अकरा हजारांच्या भीतीतून आलेला माणूस लगेच दीडशेवर उतरतो.

चाचांनी उत्तर दिलं नाही. सिलेंडर फडक्यानं आतून पुसला आणि माझ्या हातात दिला. "करंगळी घाला. फिरवा."

मी करंगळी घातली. आत गुळगुळीत, गुळगुळीत, आणि मग एका बाजूला बारीक खड्डे. ज्वारीच्या कण्या असाव्यात तसे नखाला लागणारे. गंज. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पिऊन घेतं, वर्षानुवर्षं. ते पाणी ऑइलमध्येच विरून राहतं. आणि या सिलेंडरपर्यंत पोचतं. तिथं धातू गंजतो, त्या खरखरीवर रबर रोज हजार वेळा पुढंमागं घासतं. नवीन रबर टाकलं असतं तर तेही महिन्याभरात फाटलं असतं, आणि ते पुन्हा कुठल्या घाटात फाटलं असतं ते देव जाणे.

"ऑइल कधी बदललं होतं?"

मी गाडी सात वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. इंजिन ऑइल मी वेळच्या वेळी बदलतो, त्याची वहीसुद्धा आहे. हे ऑइल बदलायचं असतं, हेच ठाऊक नव्हतं. दर दोन वर्षांनी, चाचा म्हणाले, आणि कोकणात राहत असाल तर त्याआधी.

गॅरेजमधला पोऱ्या जुना सिलेंडर नमुन्याला घेऊन मोटारसायकलवरून चिपळूणला गेला. तो येईपर्यंत दीड तास मामा आणि चाचा जुन्या गाड्यांविषयी बोलत बसले. मी लाडवांच्या डब्याकडं बघत होतो. तो उघडला गेला, पण मला एकच मिळाला.

नवा सिलेंडर बसवायला दहा मिनिटं लागली. खरं काम त्यानंतरचं, हवा काढायचं. नळीत ऑइलऐवजी हवा राहिली तर पेडल दाबलं की हवाच दबते, फोर्क हलत नाही. चाचा खाली, हातात छोटा पाना, सिलेंडरच्या निप्पलला एक पारदर्शक नळी लावलेली आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत, तळाला थोडं नवं ऑइल. पोऱ्या वरच्या बाटलीत ऑइल घालायला. आणि पेडलवर कोण? मी बसायला गेलो तर चाचा खालून म्हणाले, "त्यांना बसवा."

मामा ड्रायव्हरच्या सीटवर बसले. चप्पल बाहेर काढून ठेवली. अनवाणी पाय पेडलवर टेकवला, तो मी कधी नीट पाहिलाच नव्हता. डाव्या पायाचा तळवा अंगठ्याच्या खाली जाड, कडक, खुरासारखा झालेला. बत्तीस वर्षांचा क्लच तिथं साठलेला.

"मारा," खालून.

मामांनी पेडल दाबलं. ते वर येईना, तेव्हा अंगठा खालून अडकवून उचललं. पुन्हा दाबलं. पुन्हा.

"धरा."

मामांनी तळाशी धरून ठेवलं. निप्पल सुटला, नळीतून फुस्स आवाज, बाटलीत बुडबुडे, काळपट फेस. निप्पल बंद.

"सोडा. मारा."

पाच-सहा वेळा असं झाल्यावर फेस कमी झाला. काळ्याचं तांबूस झालं, तांबुसाचं पिवळं. मग बुडबुडे एक-एक करून यायला लागले, आळसावलेले. मामा आता पेडल उचलत नव्हते. ते आपणहून वर येत होतं, पायाच्या मागं मागं. शेवटचा बुडबुडा मोहरीएवढा होता. तो वर येऊन फुटला तेव्हा मामा चाचांच्या सांगण्याची वाट न बघता म्हणाले, "बास. आलं."

"अजून एकदा मारा," चाचा म्हणाले. मारलं. स्वच्छ पिवळी धार.

हिशेब झाला. सिलेंडर चौदाशे, ऑइल दोनशे दहा, मजुरी पाचशे. मजुरी फार कमी सांगितली असं मला वाटलं आणि मी शंभर वर द्यायला गेलो. चाचांनी ते परत केले आणि डब्याकडं बोट दाखवून दोन लाडू घेतले. सांडलेलं ऑइल बॉनेटच्या कडेवर पडलं होतं, तिथं पोऱ्याकडून भरपूर पाणी मारून घेतलं. रंग उचलतं म्हणे ते.

शिरगाव सोडताना मी पहिला गिअर टाकला. इतक्या अलगद पडला की पडला की नाही हे बघायला मी खाली पाहिलं. भाताच्या शेतांमधून रस्ता चिपळूणकडं उतरत होता, तीन वाजून गेले होते, बहिणीचे चार मिस्ड कॉल होते. एक लांबलचक डावं वळण आलं. माझी नजर आपोआप डॅशबोर्डवर गेली. मामांचीही.

दिवा लागला नाही.

"स्विच टाइट झाला वाटतं," मामा म्हणाले.

मी काही बोललो नाही. पुढचं वळण उजवं होतं.